पंखा फिरतोय, हवा ढिम्म

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये तेराव्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये उभं राहिलं, की नवव्यावर आज बोंबील तळलेत की बांगडा, ते छातीठोकपणे सांगता येतं. एक्झॉस्ट फॅन चालू असतानाही.

यात कायद्याचा दोष नाही. राष्ट्रीय इमारत संहिता म्हणते, संडास-बाथरूम मोकळ्या जागेवर उघडत नसेल तर डक्ट, म्हणजे इमारतीच्या पोटातून वरपर्यंत जाणारी मोकळी उभी पोकळी, द्या. इमारत ३० मीटरच्या वर गेली तर तो किमान ९ चौरस मीटरचा, कुठलीही बाजू ३ मीटरपेक्षा कमी नको, आणि वर यांत्रिक वायुवीजनही हवं. ३० मीटर म्हणजे साधारण दहा मजले. घोडबंदरला त्याला कोणी टॉवरही म्हणत नाही. नकाशात डक्ट ऐसपैस असतो. प्रत्यक्षात तिथे ड्रेनेजचे पाइप, एसीची युनिटं आणि कबुतरांचं प्रसूतिगृह.

आता पंखा. अमेरिकेतलं आश्रे ६२.२ हे मानक बाथरूममधल्या गरजेपुरत्या चालवायच्या पंख्याकडून मिनिटाला ५० घनफूट हवा मागतं. चार बाय सातचं, आठ फूट उंचीचं बाथरूम म्हणजे २२४ घनफूट. साडेचार मिनिटांत एकदा रिकामं. सहा इंची पंख्याच्या खोक्यावर याहून भरभक्कम आकडा असतो, पण तो पाइप न जोडता मोजलेला. चार इंची लवचिक पाइप अकॉर्डियनसारखा चुण्या पाडून, दोन वळणं देऊन जोडला की त्या आकड्याचा जीव अर्ध्या वाटेतच जातो. पाइप ताणून, आखूड, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन बसवावा, म्हणजे आत साठलेलं पाणी पंख्यात उतरत नाही. काही कारागीर तर पाइपचं तोंड फॉल्स सीलिंगच्या आतच सोडून देतात. वाफ बाहेर गेली असं आपण समजतो, आणि श्रावणापर्यंत पीओपीवर नकाशे उमटतात.

पण खरा गुन्हेगार दरवाजा. आपल्याकडे बाथरूमचं दार घट्ट लागलं की सुताराचं कौतुक होतं. हवा आत येणारच नसेल तर पंखा बाहेर काय फेकणार, त्याचं कपाळ? दाराखाली दोन सेंटिमीटर फट ठेवा. ७० सेंटिमीटरच्या दाराला १४० चौरस सेंटिमीटर वाट मिळते. चार इंची पाइपचं तोंड जेमतेम ८०. दार लावून, पंखा चालू ठेवून त्याच्या जाळीला टिश्यू पेपर लावा. तो पडला, आणि दार किलकिलं करताच चिकटला, तर रंधा मागवा.

शेजारची हवा उलटी येत असेल तर पाइपच्या बाहेरच्या तोंडाला झडप बसवा, ती पंखा बंद होताच आपोआप मिटली पाहिजे. त्यावर डासांची बारीक जाळी मात्र नको, दोन महिन्यांत धुळीने बुजते. कबुतरांसाठी मोठ्या भोकांची पुरते.

गॅस गिझरवाल्यांनी हे सगळं वाचून निर्धास्त होऊ नये. बंद बाथरूममध्ये जोरकस पंखा जळालेला वायू उलटा आत ओढू शकतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. तो गिझर बाथरूमच्या बाहेरच हवा.