शावुओतची रात्र अर्ध्यावर सोडली, त्याबद्दल

शालोम काका,

शावुओत, म्हणजे तोरा (आमचा धर्मग्रंथ) मिळाल्याचा सण. त्या रात्रीच्या जागरणाबद्दल मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "वर्षातून एकच रात्र तोरा घेऊन बसायचं, तीही साडेबारालाच सोडून घरी गेलात आणि वर कौतुकाने लिहिलंत. हे कुठल्या शास्त्रात बसतं?" कौतुकाने लिहिलं गेलं, तेवढं मान्य.

घरी पोचलो तेव्हा वडील पलंगाच्या कडेला बसलेले, एक बूट पायात, दुसरा हातात. त्यांना ठाण्याच्या मशिदीत जायचं होतं. (नव्या वाचकांसाठी: आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराला, मशीदच म्हणत आलो.) ठाणं सोडून तीस वर्षं झाली, त्यांच्या लेखी आम्ही अजून तिथेच. बायकोची ही सलग तिसरी जागरणाची रात्र. खिरीवर जाड साय धरली होती, कुणी हात लावला नव्हता.

आता शास्त्र. सण कसा घालवावा यावर तालमूदात, म्हणजे रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) चर्चांच्या ग्रंथात, पसाहीम या भागाच्या 68व्या पानावर, वाद आहे. रब्बी एलिएझर म्हणतात, एक तर खा-प्या, नाही तर बसून शिका. रब्बी येहोशुआ म्हणतात, वाटून घ्या. अर्धा देवाचा, अर्धा तुमचा. पण शावुओतला 'तुमचा' वाटा हवाच, यावर सगळ्यांचं एकमत, कारण तोरा मिळाली ती याच दिवशी.

हे एलिएझर भलतेच कडक. सणाला दिवसभर प्रवचन चालायचं, लोक जेवायला उठले की चिडायचे. पण शिष्य इलाई सणाला भेटायला आला, तर त्यालाच ऐकवलं: सणाला घराबाहेर न पडणाऱ्या आळशांचं मला कौतुक आहे, कारण लिहिलंय, 'तू आनंद कर, तू आणि तुझं घर'. हे घडलं कुठे? इस्रायलमधल्या लोदला. आपल्याच लोदला, काका! पुढे तालमूद तोडही काढतो: त्याच दिवशी परतता येत असेल तर गुरूकडे जरूर जावं. मी तेच केलं की.

रात्रभर जागायची रीत रुजवली ती 16व्या शतकात गॅलिलीतल्या त्स्फात गावच्या कबालापंथीयांनी, म्हणजे ज्यू गूढवाद्यांनी. मला ती प्रिय आहे, मोडायची नाही. तुम्ही चाळीस वर्षं एकही रात्र चुकवली नाहीत, हे थोरच. पण तेव्हा घरी कोण जागं असायचं? काकूच ना?

वडिलांना दुसरा बूट चढवला, जिन्यापर्यंत नेऊन परत आणलं आणि म्हटलं, "आज मशीद इथेच." शावुओतला वाचतात ते रूथचं पुस्तक काढलं. सून सासूला सोडून जायला नकार देते तिथे आलो, तर पुढचं ते मराठीतून न अडखळता म्हणू लागले. दोनला त्यांना झोप लागली.

पुढच्या वर्षी मी घरी राहणार, बायको बसायला येणार. बायकांच्या बाजूला एक खुर्ची धरून ठेवा.