आपलं मत वाया जाऊ नये म्हणून

परवा भाचीच्या लग्नात पंगतीला बसलो होतो. पहिली जिलबी तोंडात जाते न जाते तोच समोरच्या रांगेतल्या गृहस्थांनी माझ्याकडे बोट दाखवून शेजाऱ्याला सांगितलं, "हेच ते. यांच्याच माणसानं आपली मतं खाल्ली." मठ्ठा वाढणारा पोरगाही जग हातात धरून माझ्याकडे बघत राहिला.

माझा गुन्हा असा की, २०२४ च्या विधानसभेला आमच्या गावचे निवृत्त मास्तर अपक्ष उभे राहिले आणि त्यांच्या अर्जावर सूचक म्हणून एक सही माझी होती. (मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. त्या दहा सह्या गोळा करताना काय काय ऐकलं, ते पुन्हा कधीतरी.) सरांना १,१४३ मतं पडली. नोटाला त्याहून जास्त. गृहस्थांचा माणूस पडला सव्वीस हजारांनी. १,१४३ मतं खाऊन सव्वीस हजारांचा खड्डा कसा पडतो, हे मी विचारणार होतो, पण गृहस्थ सातवीत सरांच्याच गणिताच्या वर्गात होते. सरांची अब्रू म्हणून गप्प बसलो.

तेव्हापासून ठरवलं, की मतदारांना नीट मार्गदर्शन करायचं. मत ही पवित्र गोष्ट आहे, ती वाया जाता कामा नये.

पहिली गोष्ट, मतदानाआधी निकाल लावून मोकळे व्हा. माणूस कसा आहे, हे विचारायचं नाही. "येतो का?" एवढंच विचारायचं. तुम्ही शेजाऱ्याला विचारा, शेजारी न्हाव्याला विचारेल, न्हावी तुम्हाला. तिघंही म्हणाल, "माणूस चांगलाय हो, पण येत नाही." आणि तो येत नाही. दिल्लीकरांनी हा नियम मोडला, त्याची फळं बघा. २०१३ मध्ये आम आदमी पक्ष या वर्षभराच्या नव्या पक्षाला ७० पैकी २८ जागा दिल्या. मग "हा येतो" असं सगळेच म्हणायला लागले, आणि २०१५ मध्ये ६७ दिल्या. त्याआधी सलग १५ वर्षं राज्य केलेल्या काँग्रेसला शून्य. केवढा गोंधळ! आपल्याकडे असलं काही नको.

अपक्षाला भेटल्यावर "पाकीट किती मिळालं?" हे आवर्जून विचारा. चाळीस लाखांच्या खर्चमर्यादेत हेलिकॉप्टर बसवणाऱ्यांना विचारू नका, ते घाईत असतात.

त्याच्या चिन्हावर हसा. सरांना शिट्टी मिळाली, तीही ४ नोव्हेंबरला माघारीची मुदत संपल्यावर. १८ तारखेला प्रचार बंद. म्हणजे अख्ख्या मतदारसंघाला शिट्टी पाठ करून घ्यायला चौदा दिवस, आणि वाहन म्हणाल तर पुतण्याची स्प्लेंडर. मतदान यंत्रावर मान्यताप्राप्त पक्ष वर, मग नोंदणीकृत, अपक्ष तळाला. एका यंत्रावर नोटा धरून बटणं सोळा. आमच्याकडे उमेदवार बावीस. सर गेले दुसऱ्या यंत्रावर. आमच्या गल्लीतली आजी बाहेर येऊन म्हणाली, "शिट्टी घावलीच न्हाई रं बाळा. मग दिसलं ते दाबलं."

उलट साताऱ्यात बघा, २०२४ च्या लोकसभेला तुतारीसारख्याच पिपाणी या चिन्हाला सदतीस हजारांवर मतं पडली, आणि 'तुतारी वाजवणारा माणूस' या चिन्हाचा उमेदवार हरला बत्तीस हजारांच्या फरकानं. तेव्हा तिसऱ्याला मतं पडतच नाहीत, असं कोण म्हणतो? फक्त लोकांना तो दुसराच कुणीतरी वाटला पाहिजे.

अपक्ष निवडून द्यायची फारच हौस असेल, तर बंडखोर घ्या. विधानसभेला राज्यात २,०८६ अपक्ष उभे होते. निवडून आले दोन, एक जुन्नरला आणि एक चंदगडला. दोघंही महायुतीतलेच, जागा मित्रपक्षाला सुटली म्हणून रुसलेले. सांगलीत विशाल पाटील अपक्ष म्हणून लाखाच्या फरकानं खासदार झाले. आजोबा वसंतदादा. थोडक्यात, अपक्ष जिंकू शकतो, त्यासाठी आजोबा मुख्यमंत्री पाहिजेत. सरांचे आजोबा गवंडी होते.

तिसऱ्या पक्षाला एकदाच डोक्यावर घ्या आणि विसरून जा. मनसेचे आमदार २००९ मध्ये १३ होते, मग १, पुन्हा १, आता ०. (यात त्यांचंही कर्तृत्व आहे. दर निवडणुकीला नवी भूमिका घेतल्यावर मतदारानं उभं राहायचं तरी कुठं?)

"डिपॉझिट गेलं" हे वाक्य चारचौघांत मोठ्यानं म्हणा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन आघाड्यांपैकीच एकीला मत द्या, म्हणजे ते सुरक्षित राहतं. किती सुरक्षित? २०१९ च्या ऑक्टोबरात तुम्ही भाजप-शिवसेना युतीला दिलंत. २३ नोव्हेंबरच्या सकाळी दात घासताना टीव्ही लावलात तर राजभवनावर भलताच शपथविधी झालेला. तो तीन दिवस टिकला. २८ तारखेला शिवाजी पार्कवर दुसरा. जून २०२२ मध्ये तुमचं मत सुरतेला गेलं, तिथून गुवाहाटीला. जुलै २०२३ मध्ये घड्याळाला दिलेलंही उठून पलीकडे जाऊन बसलं. एका मतात तीन मुख्यमंत्री! ज्याला पाडायला म्हणून रांगेत उभे राहिलात, तोच तुमच्या मतावर उपमुख्यमंत्री. घड्याळाला दिलं काय, धनुष्यबाणाला दिलं काय, ते चिन्ह तरी ज्याला दिलंत त्याच्याकडे राहिलं का? आणि वाया कुणाचं गेलं? माझं?

माझं मत कुठं आहे, ते मला ठाऊक आहे. त्या १,१४३ मध्ये आहे. तुमचं कुठंय? सांगा की!

तिसरे सगळे संत नसतात, हे मलाही कळतं. मतं फोडायला उभे केलेले असतात, माघारीच्या दिवशी दुपारी तीनच्या आत गाडीत बसणारेही असतात. पण चांगला-वाईट निवडायचे कष्ट तुम्हाला नकोत. तुम्हाला जिंकणाऱ्याच्या गाडीत बसायचंय, मग ती कुठंही जाऊ दे. पाच वर्षं टपरीवर "सगळे सारखेच" म्हणून रडायचं, आणि वेगळा कुणी अर्ज भरून आला की त्यालाच चोर म्हणायचं. नातवाच्या स्कॉलरशिपसाठी सरांच्या ओट्यावर जाऊन बसता, तेव्हा "येतो का" विचारता का हो?

आणि पंगतीतले गृहस्थ, सरांनी कुणाचं काही खाल्लेलं नाही. तुम्ही त्या दिवशी सात जिलब्या खाल्ल्यात. मी मोजत होतो.