सविस्तर लिहा (कमाल ५०० अक्षरे)

काल संध्याकाळी ठाकुरद्वारच्या एका झेरॉक्सच्या दुकानात माझे सासरे गटारात पडले.

प्रत्यक्षात ते त्या वेळी घरी आरामखुर्चीत बसून चहात खारी बुडवत होते. त्यांना पाडलं ते ऑनलाइन फॉर्मातल्या एका चौकटीनं. आमच्या गल्लीतल्या गटाराचं झाकण तीन आठवड्यांपासून गायब आहे. तक्रार ऑनलाइनच घेतात. ते पान माझ्या मोबाइलवर उघडेना, म्हणून दुकानात. अर्ध्या तासाचे वीस रुपये.

'तक्रारीचा तपशील सविस्तर लिहा', आणि खाली चौकट दोन ओळींची. लोकलच्या पासवरसुद्धा याहून ऐसपैस जागा असते. तिसरी ओळ लिहिली की पहिली वर सरकून गुडुप. आपण कोणावर चिडलो होतो तेच विसरायला होतं. अशा चौकटीचा उजवा खालचा कोपरा धरून ती ओढून मोठी करता येते म्हणे. "यांनी ते बंद करून ठेवलंय, काकू," दुकानातला पोरगा म्हणाला. त्याला मिशी होती. मला काकू म्हणण्याचं त्याचं वय नव्हतं, पण ते जाऊ दे.

मजकूर मी रात्रीच लिहून ठेवला होता. 'सविनय' पासून सुरुवात, मुद्देसूद परिच्छेद आणि शेवटी हुकमी वाक्य: 'परवा रात्री या गटारात माझे ज्येष्ठ नागरिक असलेले सासरे पडले असते, पण शेजाऱ्यांनी वेळीच धरले.' तो चौकटीत चिकटवला. चौकटीनं हूं की चूं न करता पाचशेव्या अक्षरावर कात्री चालवली. राहिलं ते '...सासरे पडले'.

"अरेरे! कधी?" शेजारच्या स्टुलावरून आवाज आला. आधारच्या प्रिंटसाठी थांबलेले एक काका माझ्या खांद्यावरून वाचत होते.

"पडले नाहीत ते."

"इथं तर लिहिलंय."

"'असते' कापलं गेलं."

"अस्सं!" काकांचे डोळेच लकाकले. "हे बघ मुली, मी फाउंटनच्या तार ऑफिसात होतो. बत्तीस वर्षं. शब्दाला पैसे पडायचे. लोक नको तिथं काटकसर करायचे, आणि तिकडे गावाला तार फोडायच्या आधीच रडारड. 'असते' हा शब्द कधी गाळू नये. बाकी सगळं गाळावं. सरक जरा."

मी सरकले. का सरकले, याचं उत्तर अजून सापडलेलं नाही.

"सविनय काढ. तारेत विनय नसतो. 'ज्येष्ठ नागरिक' कशाला? सासरे म्हटलं की ज्येष्ठच आले. तरुण सासरे पाहिलेस कुठे?"

"पण त्यानं वजन येतं ना..."

"वजन कोणाला मोजायचंय? ते अक्षरं मोजतायत."

"आणि 'ज्येष्ठ' त्याला सात पडतो," पोरगा लॅमिनेशन करता करता म्हणाला.

"सात? दोन अक्षरं आहेत!"

तो बोटं मोडत मोजू लागला. "ज. पाय मोडायचा, एक. य. वरची मात्रा. ष. परत पाय मोडायचा. ठ. झाले सात."

मी घाईघाईनं बाकीचे शब्द मोजले. 'स्त्री' डोळ्यांना एक अक्षर, यंत्राला सहा. 'पुरुष' पाच. म्हणजे जास्त जागा अडवल्याचा ठपका इथंही आमच्यावरच.

"इंग्लिशमध्ये लिहा ना काकू, मावतं." हे मला ठाकुरद्वारला ऐकावं लागलं. गटार मराठी, गल्ली मराठी, पडता पडता सासरे ओरडले ते अस्सल मालवणीत, आणि तक्रार मात्र इंग्रजीत, का तर जोडाक्षरं परवडत नाहीत. हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. अक्षरांचा हिशेब लावताना आमच्या लिपीची कोणाला आठवणच झाली नसावी. माझ्या शाळेतल्या मराठीच्या बाईंना ही चौकट भेटायला हवी होती. पाचशे अक्षरांत त्यांचा श्वासही पुरा होत नसे.

काकांनी छाटत छाटत मजकूर बरोब्बर पाचशेवर आणला. मी 'पाठवा' दाबलं. लाल अक्षरांत उत्तर आलं: 'मर्यादा ओलांडली आहे.' चौकट कोरी.

"एंटर मारले होते का?" पोरग्यानं डॉक्टरच्या आवाजात विचारलं.

"परिच्छेद पाडायला. चार."

"चौकटीत एंटर एक धरतात. पाठवताना त्याचे दोन होतात. चार जास्त झाले तुमचे."

मला कधी पाठ केलेलंही न आठवणारं रामरक्षेतलं काहीतरी आठवायला लागलं. वर 'नाव' या रकान्यात एंटर मारला तर फॉर्मच निघून जातो, तो अनुभव पंधरा मिनिटांपूर्वी घेऊन झाला होता. इथं मारला तर नुसती ओळ बदलते, आणि त्याचेही दुप्पट पैसे.

"तारेत ओळ बदलायचे पैसे नव्हते," काका हळहळले. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली, हे दुःख त्यांनी मग पुरी पाच मिनिटं सांगितलं. मी घड्याळाकडे बघत होते.

शेवटी त्यांनीच सांगितलं आणि मी टाइप केलं: 'गटाराचं झाकण गायब. सासरे पडले असते. ताबडतोब बसवा.'

"सासऱ्यांना?" पोरगा म्हणाला.

'झाकण' हा शब्द परत घातला. गेलं. तक्रार क्रमांक आला, अठरा आकडी, आणि पाठोपाठ नवी चौकट उघडली: 'हा फॉर्म भरण्याचा आपला अनुभव सविस्तर लिहा. कमाल २००० अक्षरे.' हिच्या कोपऱ्यात त्या दोन तिरक्या रेघा होत्या. धरून ओढली, तर पडदाभर पसरली.

मी पोरग्यापुढे आणखी वीस रुपये ठेवले. काकांची प्रिंट केव्हाच तयार होती, पण त्यांनी स्टूल जवळ ओढलं.

"आता 'सविनय' घाल," ते म्हणाले.