पपईच्या कुंड्या मऊ पडल्याच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार दादा. आमच्या सोयाबीन पेंडीच्या, मातीत कुजणाऱ्या कुंड्या चौथ्या आठवड्यात तळाला मऊ पडल्या, पपईची रोपं उचलताना फुटल्या, 'यापेक्षा प्लास्टिकची काळी पिशवी बरी', असं आपण लिहिलंय. रोपं वाया गेली की नर्सरीवाल्याचा हंगामच हातचा जातो, तेव्हा राग येणारच. पण माल खराब होता, हे मला मान्य नाही.

तेल काढून उरलेल्या सोयाबीन पेंडीत जवळपास निम्मी प्रथिनं असतात. तिच्या पिठात ग्लिसरीन घालून गरम साच्यात दाबलं की प्रथिनांचे गुंडाळलेले धागे उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि कुंडी घट्ट होते. मात्र प्रथिन पाणी ओढून घेतं. पाण्यानं धागे सैल होतात, मग मातीतले जिवाणू त्यांचा फडशा पाडतात. पाणी पूर्ण अडवलं, तर कुजणंही अडतं.

'मग कडक का करत नाही?' असंही आपण विचारलंत. करता येतं. पूर्वी केसीन या दुधातल्या प्रथिनाची बटणं फॉर्मॅलिन या जंतुनाशक रसायनात ठेवूनच टणक करत. माती निर्जंतुक करायला फॉर्मॅलिन वापरलं, की वास पूर्ण जाईपर्यंत बी टाकत नाहीत, हे नर्सरीवाल्याला मी काय सांगावं! ते मुळांपाशी न्यायला माझं मन धजत नाही. त्यापायी कुंडी चार दिवस कमी टिकली तरी चालेल.

पपईचं मूळ फार नाजूक. काळी पिशवी फाडताना मातीचा गड्डा फुटला की रोप मान टाकतं. आमची कुंडी रोपासकट खड्ड्यात जाते, कुजताना तिच्यातलं नत्र मातीत उतरतं. आणि फाडलेल्या पिशव्यांचं काय होतं? आपल्या लातूरकडच्या काळ्या रानात वर्षानुवर्षं नांगराला त्याच लागतात.

साधी कुंडी तीस दिवसांची आहे, तसं पाकिटावर छापलंय. मिरची-टोमॅटोला ती पुरते. पपईचं रोप दीड महिना थांबतं, त्याला आतून मेण दिलेली कुंडी लागते. ती थोडी महाग पडते, पण पपईला तीच घ्या. ओल्या जमिनीवर मात्र कुठलीच ठेवू नका, तळ मुदतीआधीच मऊ पडतो; जाळीच्या मांडणीवर ठेवा. तळाला वारा लागला पाहिजे.

आपल्याकडे उरलेल्या कुंड्या पाठवून द्या. तेवढ्याच मेणाच्या बदलून देतो, वरचे पैसे नकोत, गाडीभाडंही आमच्याकडे.