शंकेने देवाचं मन दुखतं का?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आपल्या विश्वास-अविश्वासावर देवाचं मन हलत असेल, तर तो माणसासारखाच लहरी ठरतो, हा तुमचा एक आक्षेप. दुसरा जास्त लागला: 'शंकेने देवाचं मन दुखतं' हे माझ्या लेखातलं वाक्य वाचून, नुकतंच मूल गमावलेल्या तुमच्या बहिणीने प्रार्थनाच सोडली. तो आधी घेतो, कारण तिथे चूक माझी आहे. शंका आणि अविश्वास मी एकाच मापाने मोजले.

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला बाप आठवा. पोरगा जमिनीवर लोळतोय, तोंडाला फेस आलाय. येशू विचारतो, हे असं कधीपासून? बाप म्हणतो, लहानपणापासून. आणि पुढे, तुम्हाला काही करता येत असेल तर करा. त्या 'तर'मध्ये सगळी शंका आहे. येशू तो शब्द तसाच सोडत नाही, हे खरं. पण बाप ओरडतो, 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.' एवढ्यावर मुलगा बरा होतो. आधी शंका फेड, मग ये, असं त्याला कोणी सांगत नाही.

संशय धरणाऱ्याला प्रभूकडून काही मिळणार नाही, हे बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं वचन तुम्ही दाखवलंत. पण याकोब लगेच ज्याला द्विबुद्धीचा म्हणतो, तो दोन डगरींवर हात ठेवणारा माणूस आहे. 'संशय धरणं' यासाठीचं तेच ग्रीक क्रियापद यहूदाच्या पत्रातही येतं, आणि तिथे आज्ञा संशय धरणाऱ्यांवर दया करण्याची आहे.

येशूला आश्चर्य वाटलं असं शुभवर्तमानांत दोनच प्रसंगी सांगितलंय: कफर्णहूम गावच्या शताधिपतीचा, म्हणजे शंभर शिपायांवरच्या अधिकाऱ्याचा, विश्वास पाहून, आणि स्वतःच्याच गावच्या लोकांचा अविश्वास पाहून. 'हा सुतारच ना?' हा गावकऱ्यांचा प्रश्न उत्तरासाठी नव्हताच. त्यांनी मनाचं दार लावून घेतलं होतं. देवाच्या जिव्हारी लागतं ते हे, असं मी मानतो.

आता लहरीपणा. तुमची अडचण जुनीच आहे. इंग्लंडमधल्या प्रोटेस्टंट धर्मशास्त्र्यांच्या 1646 च्या वेस्टमिन्स्टर विश्वासकथनात देव विकाररहित आहे, म्हणजे भावनांनी हलत नाही, असं स्पष्ट म्हटलंय. मला ते अर्धंच पटतं. होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात, पाठ फिरवलेल्या इस्राएलाबद्दल बोलताना देवाच्या हृदयात कालवाकालव होते. आणि पुढच्याच वचनात तो म्हणतो की मी नाश करणार नाही, कारण मी देव आहे, मनुष्य नव्हे. दुखावलेला माणूस उलटतो. दुखावूनही न उलटणं, त्याला लहर कसं म्हणायचं?

मूळ लेखातलं ते वाक्य आज काढलं आहे. तुमच्या बहिणीला शब्द सुचत नसतील, तर बायबलमधलं स्तोत्र 88 तिच्याजवळ बसून हळू वाचा. त्यात आशेची ओळ शोधू नका. ते अंधारावरच संपतं, आणि तरीही ती प्रार्थनाच आहे.