वाटणी झाली, विहीर सामायिक राहिली

विषय खरं तर बंड्याच्या भाचीच्या व्हिसाचा होता. पोरगी मास्टर्सला इंग्लंडात कॉव्हेन्ट्रीला गेलीये, शिक्षण झाल्यावर नोकरी शोधायला तिथे दोन वर्ष थांबता येतं ते आता दीडवर आणणार म्हणून घरी टेन्शन. त्यावर बंड्या चहा ढवळता ढवळता म्हणाला, काही का असेना, ब्रेक्झिट झालं, ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं, म्हणून आपल्या पोरांना दार तरी उघडलं, नायतर सगळ्या नोकऱ्या पोलंड-रोमानियावाल्यांनीच खाल्ल्या असत्या.

झालं. मास्तरांनी ग्लास खाली ठेवला. भूगोल शिकवून रिटायर झालेत, त्यांच्यासमोर असं काही बोलायचं नसतं.

"अरे पण ब्रिटिशांनी बाहेर पडायला मत कशाला दिलं होतं? बाहेरची गर्दी कमी व्हावी म्हणून ना? २०१६ च्या जूनमधे ५२ टक्के निघायला, ४८ राहायला. २०२१ पासून युरोपवाल्यांना पण व्हिसा लागायला लागला, ते कमी झाले, आणि त्यांच्या जागी भारत, नायजेरियातनं लोक आले. २०२३ च्या मध्याला वर्षभरातलं नेट मायग्रेशन, म्हणजे आलेल्यांतून गेलेले वजा, नऊ लाखांवर. मत देणारा म्हणतो, हे मी मागितलंच नव्हतं!"

"मागितलं होतं की काहींनी," बंड्या ऐकतोय होय, "तिथल्या बऱ्याच बांगलादेशी करी हॉटेलवाल्यांनी बाहेर पडायलाच पाठिंबा दिला होता, गावाकडून आचारी आणता येतील म्हणून."

हे बरोबर आहे, आणि मला तर सगळा घोळ इथेच वाटतो. मतपत्रिकेवर विचारलं काय तर राहायचं का निघायचं, निघून जायचं कुठे हे कोणी विचारलंच नाही. आचारीवाला वेगळ्या आशेवर, मच्छीमार वेगळ्या, आणि प्रचाराच्या लाल बसवर लिहिलेले आठवड्याचे ३५ कोटी पौंड सरकारी दवाखान्यांना मिळतील म्हणणारा तिसराच. मग पुढची आठ वर्ष त्या एका "निघायचं"चा अर्थ लावण्यात गेली, कॅमेरॉन धरून सुनकपर्यंत पाच पंतप्रधान झाले, थेरेसा मे बाईंचा बाहेर पडायचा करार २०१९ च्या जानेवारीत संसदेत २३० मतांनी पडला, आणि ज्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने हे सगळं काढलं तो २०२४ च्या निवडणुकीत १२१ जागांवर आला.

"पण बुडाले का? नाय ना," बंड्या. यात पण दम आहे. मतदानानंतर लगेच मंदी येणार असं तिथल्या अर्थखात्यानेच सांगितलेलं, ती आली नाही. पौंड एका रात्रीत आपटला तेवढं खरं. मास्तर म्हणाले, तिथल्या बजेटवर नजर ठेवणारी ओबीआर म्हणून संस्था आहे, तिचा अंदाज की आत राहिले असते त्यापेक्षा उत्पादकता शेवटी ४ टक्के कमी राहणार. बंड्या म्हणे ४ टक्के म्हणजे किस झाड की पत्ती, त्यात कोविड पण आलं, युक्रेन पण आलं, वेगळं काढणार कसं. मी म्हटलं टायर फुटला असता तर सगळ्यांना दिसला असता रे, ही वॉल्वमधली गळती आहे, गाडी चालतीये, फक्त जरा जड चालतीये.

अण्णा इतका वेळ गप्प. त्याची द्राक्षं एक्स्पोर्टला जातात, त्यामुळे त्याचं दुखणं वेगळं. "आधी माल रॉटरडॅमला उतरला की तिथून इंग्लंडला पण बिनबोभाट जायचा, आता परत वेगळे पेपर. फवारणीच्या औषधाचा मालात किती अंश चालतो त्याची यादी पण युरोपची वेगळी नि इंग्लंडची वेगळी. घड तेच, वेल तोच, यादी दोन!"

मास्तरांना यावरून सँडविच आठवलं. २०२१ च्या जानेवारीत हॉलंडच्या बंदरावर एक ट्रक ड्रायव्हर उतरला, डब्यात फॉइलमधे गुंडाळलेले हॅम सँडविच, कस्टमवाल्याने सगळे काढून घेतले, मांसाचे पदार्थ आता बाहेरून आणता येत नाहीत म्हणे. तो बिचारा म्हणतो मांस घ्या, ब्रेड तरी ठेवू द्या. ते पण नाही.

आणि मग आयर्लंड, तिथे मास्तर फुल फॉर्मात. बेट एक, देश दोन, उत्तर आयर्लंड ब्रिटनमधे नि बाकीचं आयर्लंड युरोपियन युनियनमधे, मधला बांध जवळपास ५०० किलोमीटर. बांधावर चौकी बसवली तर १९९८ च्या शांतता कराराला धक्का, नाही बसवली तर युरोपचं मागचं दार सताड उघडं. शेवटी बांध नेऊन घातला समुद्रात, म्हणजे इंग्लंडहून उत्तर आयर्लंडातल्या स्वतःच्याच बेलफास्टला सॉसेज पाठवायचं तर कागद दाखवा! तिथले ब्रिटनसोबतच राहायचं म्हणणारे भडकणारच. त्यात उत्तर आयर्लंडने मत दिलेलं राहायच्या बाजूने, स्कॉटलंडने तर ६२ टक्के.

अण्णा हसला. "आमच्यात वाटणी झाली तेव्हा सगळं मोजून घेतलं, विहीर तेवढी सामायिक राहिली. वीस वर्ष झाली, अजून मोटर चालू करायची पाळी कोणाची यावरून थोरल्याशी आठवड्याला एक भांडण ठरलेलं."

"त्यांचं पण तेच चाललंय," मास्तर म्हणाले. "२०२५ च्या मे मधे पंतप्रधान स्टार्मरने २०३८ पर्यंत युरोपच्या बोटींना आपल्या पाण्यात मासे धरायला दिले, आणि बदल्यात खाण्यापिण्याच्या मालाची तपासणी हलकी करायचं ठरवलं. पण त्यासाठी नियम युरोपचे पाळायचे."

"म्हणजे नियम त्यांचे, आणि ते करताना मत द्यायला हे नाहीत?" बंड्या पहिल्यांदाच जरा ढिला पडला.

अण्णाचं लक्ष भलतीकडेच. "मास्तर, मग औषधांची यादी परत एकच होणार का?"

"दिसतंय तसंच."

"बरंय," म्हणत त्याने गाडीला किक मारली, सकाळी सहाला फवारणी होती. चहाचे पैसे द्यायची पाळी पण त्याचीच होती, हे तो गेल्यावर लक्षात आलं.