‘सेड’ आलं की काळ मागे? सरसकट नाही

दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर म्हापसा-फोंड्याकडच्या पालकांच्या ग्रुपांवर इंग्रजीत दुसऱ्याचं बोलणं आपल्या शब्दांत कसं सांगायचं, याचं एक चित्र हमखास फिरतं: ‘डायरेक्टचं इनडायरेक्ट करताना प्रत्येक क्रियापद एक पायरी मागे. सिंपल पास्टचा पास्ट परफेक्ट झालाच पाहिजे. टुमारोचं नेक्स्ट डे. अपवाद नाही.’ नियम उपयोगाचा आहे. मराठीत ‘तो म्हणाला, मी येतो’ म्हटलं की काम भागतं, त्यामुळे आपल्या मुलांना इंग्रजीतली ही सवय लावावीच लागते. पण ‘अपवाद नाही’ हे साफ खोटं.

मुळात काळ मागे जातो तो ‘सेड’सारखं भूतकाळी क्रियापद असेल तर. ‘मदर सेज’ असेल तर पुढचं काहीच हलत नाही.

‘सेड’ असलं तरी सक्ती नाही. ‘सर सेड द मांडवी फ्लोज इन्टू दि अरेबियन सी’ बरोबर, ‘फ्लोड’ही बरोबर. ‘फ्लोड’ म्हटल्याने नदी आटत नाही! फरक पडतो तो दुसरीकडे. ‘ही सेड ही इज सिक’ म्हटलं की तो अजून आजारी आहे, हे सांगणाराही धरून चालतो. ‘वॉज’ म्हटलं की ते त्याचं म्हणणं, खरंखोटं तो जाणे. सुट्टीच्या अर्जावर शंका असलेला हेडक्लार्क ‘वॉज’च म्हणेल.

सगळ्यात जास्त छळ ‘हॅड’चा, म्हणजे त्या पास्ट परफेक्टचा. ‘सर सेड गोवा वॉज लिबरेटेड इन 1961’ यात काय कमी आहे? साल दिलंय, आधी काय नि नंतर काय ते उघड आहे. ‘हॅड बीन’ चूक नाही, पण गरजही नाही. गरज कुठे? ‘शी सेड द बस लेफ्ट ॲट फाइव्ह.’ पणजीची बस रोज पाचला सुटते, की आज पाचला सुटून गेली? दुसरा अर्थ हवा असेल तर ‘हॅड लेफ्ट’ म्हणावं. पेपरात मात्र वाक्य सुटं येतं, मागचापुढचा संदर्भ नसतो, म्हणून तिथे काळ मागे नेणंच सुरक्षित.

‘टुमारो’चं तर सोपं आहे. मावशीने आज सकाळी फोनवर ‘उद्या चवथीला येते’ म्हटलं आणि तुम्ही आजच दुपारी घरात सांगताय, तर ‘टुमारो’च. उद्याचा दिवस अजून उद्याच आहे.

आणि ‘वुड’, ‘कुड’, ‘शुड’, ‘माइट’ ही एरवी आहेत तशीच राहतात; त्यांना मागची पायरीच नाही.